शून्य

साडेपाचला, अशोक चौकातल्या शाळेत
लुटुपुटूची पन्नास मतं टाकली, मोजली.
क्लिअर दाबलं. शून्य.
"परत दाखवा," चिलवेरी म्हणाले.
परत दाखवलं. चिडले नाही;
मागच्या खेपेला शेजारच्या बूथवर
हेच राहून गेलं होतं.

सुतळीवर लाख टेकवताना बाबा आठवले.
मागावर तुटलेला धागा ते असा सांधायचे
की चादर झटकली तरी कळू नये.
माझी गाठ उलटी:
कुणी नुसतं बोट लावलं तरी
ओरडली पाहिजे.

संध्याकाळी वहीत सहाशे एकेचाळीस,
यंत्रात एक कमी.
घाम. पानं मागं, पुढं.
सापडल्या: नरसूबाई म्याकल,
अंगठा उठवून बटण न दाबताच गेलेल्या,
चार दिवसांनी नळ आला म्हणून.
शेरा लिहिला. एजंटांच्या सह्या घेतल्या.

मग पाणी प्यायले.