अक्कलदाढ

आहेर मॅडमनी बुटाच्या खोक्यातून काढली,
कापूस बाजूला केला.
गायधनी, हिचा साचा करून द्या,
कॉलेजच्या कपाटात ठेवायचीय.
खरी आफ्रिकेत आहे. ही नक्कलच.

अशोकस्तंभाच्या मागे, जिना चढून माझी लॅब.
बत्तीस वर्षं कवळ्या करतोय,
पण अशी दाढ हातात आली नव्हती:
तर्जनीएवढी लांब, वर खांबच खांब,
पांडवलेणी कुणी मुठीत दाबावी तसे.

रानडुकराची, मॅडम म्हणाल्या. शेवटची दाढ.
म्हणजे अक्कलदाढ?
हो, तीच.
जनावर म्हशीएवढं. वीस लाख वर्षांपूर्वीचं.
मी विचारलं, पृथ्वी सुळ्यावर उचलणारा तो?
नाही हो. ह्यानं फक्त गवत खाल्लं.
रान आटत गेलं, गवत पसरत गेलं,
गवतात धूळ, धुळीत रेती,
आणि पिढ्यान्‌पिढ्या दाढ लांबत गेली
झिजायला पुरावी म्हणून.

हे मला लगेच पटलं.
तंबाखूची गोळी कुठल्या गालात,
रात्री कोण दात खातं,
माणूस सांगत नाही.

जाता जाता जिन्यात थांबून म्हणाल्या,
तिकडे आदिमानवाचं हाड सापडलं
की त्याच थरात डुकराची दाढ शोधतात.
तिच्या लांबीवरून थराचं वय कळतं.
थरावरून आपलं.

गुलाबी अल्जिनेट कालवलं. दाढ दाबली.
खाली वाघाडीच्या नाल्याकडून आलेली दोन डुकरं
उकिरडा उकरत होती.
त्यांना काय सांगणार.

मागल्या पौषात अण्णांना घेऊन रामकुंडात उतरलो.
इथे हाड विरघळतं म्हणतात, काही तासांत.
मागे वळून बघू नका, गुरुजी म्हणाले.
मी बघितलं.
पाणी होतं, आणि एक झेंडू.

कवळी मात्र आधीच काढून घेतली होती,
मीच केलेली, दोन हजार नऊ साली.
ड्रॉवरमध्ये आहे, बिलबुकांखाली.
डावी बाजू पार गुळगुळीत:
भाकरी त्या बाजूनं खायचे.
हे आईलाही माहीत नव्हतं.

साचा उघडला. एका खांबाचं टोक तुटलेलं.
मॅडमना फोन केला, परवा या,
पुन्हा ओततो.
तुटकी कुठे ठेवायची ते मात्र
मला विचारावं लागलं नाही.