मापाची वही

सासनेबाई, छाती अडतीस.
चौगुल्यांची अंजली, बाही नऊ.
त्याखाली, नाव न घालता :
उजवा साडेचौदा, डावा सोळाला दोन सूत कमी.

गुडघ्यातली गादी फाटलीय, डॉक्टर म्हणाले,
आधी सूज उतरू द्या, मग बघू.
म्हणून शेवटचं गिऱ्हाईक गेलं की
मशीनवर कापड टाकते
आणि वाटीच्या वर चार बोटं सोडून टेप धरते.

हा भिंतीला टेकून, पाय दोन उशांवर,
टॉवेलाच्या घडीवर मटारची पिशवी, वीस मिनिटं.
तेच मटार, कितव्यांदा गोठलेले.
भाजीला घ्यायचे नाहीत, असं लिहून
मी पिशवीला चिठ्ठी टाचलीय.
सासूबाई तेलाची वाटी घेऊन दारापर्यंत येतात
आणि माझं तोंड बघून परत जातात.

खाली बोळात हलगी चाललीय.
उद्या शाहू स्टेडियमवर पेठेची सेमीफायनल.
'नुसतं बघून येतो गं.'
परवाही नुसतं बघायलाच गेलेला,
आला तो सोळाला एक सूत जास्त.

बाई सुटली तर ब्लाऊज उसवता येतो,
शिवणीत माया ठेवलेली असते.
गुडघ्यात कुठं ठेवू?

आज टेप जरा सैल लागला.
पुसून पुन्हा धरला.
पंधराला दोन सूत जास्त.

'किती?'
'लय हाय अजून. झोप.'

वहीत मात्र खरं लिहिलं,
आणि वही सासनेबाईंच्या कापडाखाली सरकवली.