चुकलेलं भोक

मी जकार्डची कार्डं पंच करतो.
अठ्ठावीस वर्षं, अक्कलकोट रोडला, पत्र्याच्या शेडात.
पुठ्ठ्यात भोक असलं की धागा उचलला जातो,
नसलं की नाही.
सोलापूरच्या चादरीवरचा मोर एवढ्यावरच उभा आहे.

म्हणून सिव्हिलमध्ये डॉक्टरीणबाईंनी
चरणचा केसपेपर उलटा करून
मागच्या कोऱ्या बाजूला यंत्र काढायला घेतलं,
तेव्हा अक्का फरशीकडे बघत होती
आणि मी पेनाकडे.

खाली एक चक्र, पडद्यात रुतलेलं, आठ पाकळ्यांचं.
त्यातून वर गेलेला दांडा, जरा वाकडा.
‘वाकडाच हवा,’ त्या म्हणाल्या.
दांड्याभोवती सहा फोडी, सोललेल्या मोसंबीसारख्या,
त्यांतल्या तीन कामाच्या.
दांडा फिरतो, त्याचा बाक एकेकीला कोपर मारतो.
एक उघडी, एक कच्चा माल धरून बसलेली,
एक घट्ट मिटून जोड मारणारी.
मग पाळी बदलते.
एका फेऱ्याला तीन नग.
सेकंदाला शंभरावर फेरे, म्हणे,
आणि अशी यंत्रं अंगभर, मोजायची सोय नाही.

मी विचारलं, दांडा फिरतो
तर वरच्या फोडी त्याच्यासोबत गरगरत का नाहीत?
बाईंनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.
मग कडेनं एक रेघ ओढली, पडद्यापासून वरच्या टोकापर्यंत.
हा आधार.
मी मान हलवली. फ्रेम जमिनीला आवळली नाही
तर मागच नाचतो, कापड निघत नाही.

आणि मोटर?
मोटर नाही.
पडद्याच्या एका अंगाला दाटी, दुसऱ्या अंगाला मोकळं.
दाटीतला कण चक्राशेजारच्या भिंतीत
एका अर्ध्या बोळात शिरतो. बोळ मध्येच संपतो.
मग पाकळीवर बसून जवळजवळ अख्खा फेरा मारायचा
आणि दुसऱ्या अर्ध्या बोळातून बाहेर.
सरळ वाट असती तर सगळे नुसते निघून गेले असते,
चक्र जागचं हललं नसतं.

‘ह्या भिंतीचं एक अक्षर,’ पेन तिथंच टेकलं,
‘चरणमध्ये बदललंय.’
शाई पसरत गेली.

एक अक्षर.
मला विचारा एक भोक काय करतं.
मोराचा डोळा चुकतो, दर मोराला,
त्याच जागी, ताणा संपेपर्यंत.
पण माझ्याकडे चिकटपट्टी असते.
मालकाला कळायच्या आत मी भोक बुजवतो.

शेवटी त्या म्हणाल्या,
ही कार्डं आईकडूनच येतात. बापाची पोचत नाहीत.

रिक्षात कोणी बोललं नाही.
विडी घरकुलला उतरल्यावर अक्कानं सूप मांडीवर घेतलं,
पान कापलं, तंबाखू पसरली, वळलं, दोरा गुंडाळला.
चाळीस विड्या झाल्यावर म्हणाली,
‘नेनेना रा?’
मीच का रे?

मला पटकन सुचलं नाही.
मग म्हटलं, अम्माचीच कार्डं, अक्का. तिच्या आईची.
तेलंगणातून पायी आलेल्या त्या म्हातारीची.
माझ्यातही तीच आहेत.
बरी-वाईट मिसळून, माझ्या वाट्याला बरी जास्त आली असतील.
मी जिने चढतो, एवढाच फरक.
आणि माझ्यापाशी ती थांबतात. तू पुढे दिलीस.

हे चांगलं बोललो की वाईट, कळलं नाही.
तिनं सुपातलं एक फाटकं पान बाजूला टाकलं
आणि पुन्हा उचललं.

चरण उंबऱ्यात बसून रिकामी कांडी
दोन बोटांनी फिरवत होता.
पाच फेरे. कांडी आडवी.
थोडा वेळ तो तिच्याकडे बघत बसला, धाप लागल्यासारखा.
मी उचलून द्यायला वाकलो, तर म्हणाला,
‘मामा, राहू दे. मला वेळ लागतो.’