नाका

कोगनोळीला गाडी उभी राहिली की राहिली.
पुढचा कंटेनर डुलक्या घेतो,
उतरावं म्हटलं तर मागून हॉर्न.
मग दाबून धरायचं.
क्लच दाबतो तसं, वीस वर्षं.

दिवाळी सरली आणि एका रात्री हुडहुडी भरली.
संकेश्वरच्या पंपामागं उभा राहिलो,
तर थेंब,
मग बऱ्याच वेळानं थेंब,
आणि थेंबाला काचेची धार.
मलेरिया असेल म्हटलं.
मलप्रभेकडं पाठ करून निजलो पंधरा दिवस.
तिनं काय समजायचं ते समजून घेतलं.

फोर्ट रोडचा दवाखाना. सिस्टर विचारते,
एष्टु दिना आयतु?
दुखणं मराठीत होतं, आकडा कन्नडात सांगितला:
हदिनैदु.

डॉक्टर यरगट्टींनी चिठ्ठीच्या पाठीवर काढून दाखवली,
मूत्राशयाखाली, अक्रोडाएवढी.
मधून नळी जाते.
लघवीची वाट, बीजाची वाट, इथं एक होतात.
म्हणजे नाका, मी म्हटलं.
हसले. हौदु, नाका. सुजलाय.

पण हे म्हाताऱ्यांचं ना? मी एक्केचाळीसचा.
वाढते ती म्हातारपणी, शट्टुप्पा.
सुजायला तुमचंच वय लागतं.
आधी कधी जंतू झालेले? नळी घातलेली?
सिव्हिलमधले नऊ दिवस आठवले, हर्नियाचे.
तिथं मार?
कडोलीच्या शर्यतीत गाड्यावरून आपटलेलो.
बाहेर कुठं संबंध?
मान हलवली. कान तापले.
विचारावं लागतं, म्हणाले,
आणि कधीकधी काहीच सापडत नाही,
जंतू नाही, कारण नाही, महिनोन्महिने नुसतं दुखणं.
तुमचं तसलं नाही. जंतू सापडलेत.
कॅन्सरही नव्हे हा.
चार आठवडे गोळ्या. बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत.

घरी मलप्रभेनं नाव विचारलं दुखण्याचं.
कुठल्याच भाषेत धड येईना.
नाका, म्हटलं.
ती पदर तोंडाशी धरून इतकी हसली
की मग रडलीच थोडी.
रात्री कोमट पाण्याचं घमेलं आणून ठेवलं,
बसा म्हणाली, लाजताय काय.

आज परत कोगनोळी. टोमॅटो मागं घामेजतोय.
क्लीनर भरमा, बावीसचा, मांडीला मांडी घासत बसलाय.
उतर, जाऊन ये, म्हटलं.
आण्णा, पुढची गाडी हलली की.
हलू दे.