शेऱ्याचा रकाना

परिपत्रकात वेळ छापलेली आहे:
सकाळी अकरा ते दुपारी एक.
म्हणून मी अकराला दिवाळ्याच्या जेट्टीवर,
हातात बाटल्यांचा क्रेट,
गळ्यात कंत्राटी ओळखपत्र.
चाहू नाखवा होडी काढतो. भाड्याचं बोलत नाही.
मागची तीन बिलं ठाण्यात कुठल्याशा टेबलावर
वाळत घातलीत.

बाटली खाडीत बुडवायची ती तिरकी.
बुडबुडा राहू द्यायचा नाही,
एक राहिला तरी सरकारचा आकडा खोटा.
मग मँगनीजचं मीठ, थेंबाथेंबाने,
मग आयोडाइडचं तिखट पाणी,
काचेचं बूच, आणि पंधरा वेळा उलटसुलट.
पाण्यात श्वास असेल
तर तपकिरी साका बसतो, चहाच्या गाळासारखा.
बसतो. दर महिन्याला बसतो.
चार पूर्णांक एक. चार पूर्णांक तीन.
गायधनी मॅडम म्हणतात, बरी आहे की खाडी.

नाखवा वल्हं मांडीवर आडवं घेऊन बघत असतो.
"आता शेवाल उन्हात बसलंय, म्हनून.
पाटंचं ये बाय, भांगाच्या दिसात, सुकतीला.
ताप काय कोन दुपारी बगतं?"

गेले. अष्टमी होती. कुणाची मंजुरी नव्हती.
पाम बीचचे दिवे पाण्यात उभे होते, हलत नव्हते.
पाणीच हलत नव्हतं.
टॉर्च मारला तर बोईटं वर तोंडं काढून
हवेचे घोट घेत होती,
रेशनच्या रांगेत असल्यासारखी, गुपचूप.
निवट्या तेवढ्या चिखलात मजेत.
त्यांना कुठे पाण्याचं पडलंय.

बूच लावलं. उलटसुलट. पंधरा.
साका पांढरा.
दुधासारखा पांढरा, स्वच्छ, सुंदर,
आणि मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं
एखादा रंग बघून.

परतताना जेट्टीवर पदीबाय खुबे निवडत होती.
एक माझ्या तळहातावर ठेवला, म्हणाली, दाब.
दाबला. चुरला.
"सासरा शिंपल्या भाजून चुना करी,
त्या चुन्यात घर उभं हाय आमचं.
आता भट्टी नको. चुना होऊनच येतंय."
ती हसली. मी सामू मोजला: सात पूर्णांक एक.
समुद्राच्या पाण्याला हा आकडा शोभत नाही.

तक्त्यात पहाटेला जागा नव्हती.
केंद्र क्रमांक, दिनांक, आकडा,
आणि कडेला बोटभर रुंद शेऱ्याचा रकाना,
जिथे आम्ही वर्षानुवर्षं 'निरंक' लिहितो.
तिथे मी बारीक अक्षरात सगळं कोंबलं:
अष्टमी, सुकती, चार वाजून दहा, शून्य,
बोईटं, खुबा, माहिती देणार चाहू नाखवा.
मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"याचा प्रवासभत्ता मिळणार नाही,"
एवढंच म्हणाल्या,
आणि सही केली.

अकरा महिने.
मग एक बैठक, जिचा चहा मीच सांगितला.
मग नाल्याच्या तोंडाशी हवा सोडणारी दोन यंत्रं,
फीत कापली, त्यातलं एक चालतं.
आणि नवं परिपत्रक: एक नमुना पहाटेचा,
रकाना वाढवला आहे, भरती की ओहोटी.
नाखव्याला वाचून दाखवलं.
"येवडा कागुद लागला," तो म्हणाला,
"आमी आंगठ्यानं सांगतो."
पण घडी घालून कागद खिशात ठेवला.

आज पुन्हा चार वाजता.
यंत्राची घरघर लांबून, म्हाताऱ्याच्या घोरण्यासारखी.
बूच. उलटसुलट.
"काय गो?" नाखवा विचारतो.
टॉर्चच्या उजेडात काहीतरी पिवळट उतरतंय,
पांढरं म्हणवत नाही, तपकिरीही नाही.
थांब नाखवा, म्हणते,
बसू दे.