घराला नाक

चौतीस वर्षं खांबांवर काढली,
गावोगाव तार पोचवली,
आणि निवृत्तीनंतर बांधायला घेतलं ते घर
जिथे तार येणारच नाही.
बोडीच्या पाळीपलीकडे, मोहाच्या तीन झाडांशी,
गावापासून एका बिडीच्या अंतरावर.
"बिडी सरेपर्यंत पोचतो जी," दसरू कोवे म्हणाला,
तेच आमचं मोजमाप.

पाया त्यानं कागदाशिवाय आखला.
दोरी ताणली, उन्हाकडे पाहिलं, पाठ केली पश्चिमेला:
"वावधन इकडून येते.
इकडं दार नको, खिडकी नको,
इकडची भिंत मुकीच राहू द्या."
मी होकायंत्र खिशातच ठेवलं.

माती बोडीतली, तणीस धानाची,
तीन दिवस कुजवलेली,
फुलवंताबाईच्या पायांखाली मळलेली.
दीड हात जाड भिंत.
नवतपात, टिनाखाली माणसं शेकतात तेव्हा
कळंल तुम्हाले दीड हात म्हणजे काय, ती म्हणाली.
सारवता सारवता तिची पाच बोटं
भिंतीवर राहून गेली. मी ती पुसू दिली नाहीत.

लाकडाला बिब्याचं तेल.
हातमोजे घाल म्हणालो, दसरू हसला.
फोड आले ते माझ्या कोपराला.
पायाभोवती चर, चरात मोहाची ढेप,
उधईला निरोप: इथं काही नाही, पुढं जा.

कवेलू पाडलेल्या शाळेचे, सोळाशे,
काहींच्या पोटात अजून चिमणीची पिसं.
उतार असा की गार पडली तर घसरावी,
वळचण अशी की पावसानं भिंतीला शिवू नये.
पन्हळीतून टाक्यात, टाक्यातून मडक्यात,
मडक्यातून माझ्यात.
वर एक पॅनल. दोन दिवे, एक पंखा. बस.

मग फटी बुजवायला बसलो.
हे काम माझं होतं: सांधे, जोड, कुठून काय झिरपतं.
चुना, गूळ, बेलाचा गर,
दाराला रबराच्या पट्ट्या,
बोट जाईल तिथं बोटानं, बोट जाईना तिथं काडीनं.
शेवटी भरदुपारी दार लावून आत उभा राहिलो.
एक कवडसा नाही.
छाती फुगली.

पौषात चूल पेटवली
आणि खोकत, डोळे चोळत बाहेर आलो.
दसरू पाळीवर बसलेला, जणू वाटच पाहत.
"घराले नाक लागते जी.
तुम्ही तोंड बांधलं, कान बांधले, नाकबी बांधलं."
वर चढला, आढ्याजवळचे दोन कवेलू
एकमेकांवर कलते ठेवले.
धूर निघून गेला,
वाट माहीत असल्यासारखा.
"अन् पाणी?"
"येईल थोडंसं. तेवढं चालते."

चैत्रात वावधन आलं, त्यानं सांगितलेल्या बाजूनंच.
रात्रभर मुक्या भिंतीवर डोकं आपटून गेलं.
गावचे अकरा खांब आडवे,
त्यातले चार मी उभे केलेले.
चार दिवस गाव अंधारात
आणि पाळीवरून रांगेत
पोरं, पिशव्या, चार्जर.
माझ्या एकांताच्या फळीवर
सतरा फोन ओळीनं निजले.

मध्यरात्री एक वाजला.
नव्या मास्तरचा, तो मेहकरकडचा.
काचेवर लिहिलेलं: आई.
वाजतच राहिला, म्हणून उचलला.
"टीव्हीवर पाह्यलं रे, लय गारा पडल्या म्हणे तिकडे.
खोली गळत नाही ना?"
मी मास्तर नाही, सांगणार होतो.
बाहेर पुन्हा सुरू झालं होतं.
दोन कलत्या कवेलूंतून
घमेल्यात एक थेंब पडला. टण्.
"नाही गळत," म्हणालो, "झोप तू."

पलीकडे जरा वेळ कोणी बोललं नाही.
मग ती म्हणाली,
"हा आवाज कशाचा?"