पाण्यात गेला तर बाद

हानुआबाडात घरं खांबांवर, खांब समुद्रात.
घरांच्या आधी जेवढा डांबरी रस्ता उरतो
तेवढं मैदान.
नियम एकच, तोही कुणी लिहिलेला नाही:
चेंडू पाण्यात गेला तर बाद.
आणि ज्यानं मारला त्यानंच बुडी मारून आणायचा,
भरती असो, ओहोटी असो,
खाली फुटक्या बाटल्या असोत.

माबाता इगो सात वर्षांची असल्यापासून
चेंडू उचलून मारत नाही, तो यामुळे.
मासळीच्या खोक्याची फळी, मुठीला सायकलची ट्यूब,
आणि फटका असा सरपटत जाणारा
की कोंबड्या आधी उडायच्या, मग आवाज यायचा.
भाऊ म्हणायचे, घाबरट.
ती म्हणायची, पण कोरडी आहे ना?

मी संघाची गुणलेखक.
शिवाय मोजे मीच धुते, तापाच्या गोळ्या मीच देते,
चौदा पासपोर्ट माझ्याच पिशवीत.
माझ्या वेळी बायकांचा संघ नव्हता, वही होती.
मग मी वही धरली.

तर स्कॉटलंड. जून महिना, म्हणे उन्हाळा.
पोरी स्वेटरवर स्वेटर घालून मैदानात उतरल्या,
जणू कुणाची तरी गाठोडी सांभाळायला दिलीत.
झेल घेतला की तळहात तासभर झिणझिणायचे.

पहिला सामना. माबाता सतरा वर्षं चार महिने.
एक टिंब, मग मधली यष्टी.
भोपळा.
पेन्सिलीला टोक काढत बसले मी उगाच,
ती परत येताना तिच्याकडे पाहायला नको म्हणून.

दुसरा: फलंदाजी आलीच नाही. आडवी रेघ.
तिसरा: अकरा, नाबाद, पण पलीकडून पाचजणी गेल्या.
चौथा: धावबाद.
चूक कुणाची, त्याला वहीत रकाना नसतो.

त्या रात्री तिनं घरी फोन लावला.
वडील धक्क्यावर रात्रपाळीला,
आई कोकीच्या बाजारातून नुकती आलेली,
उरलेले पाव मोजत होती.
धावता धावता बाद झाले, हिनं सांगितलं.
आई म्हणाली, म्हणजे धावलीस तरी.
मग विचारलं, तिथं मासे कुठले मिळतात?

प्रशिक्षक म्हणाली, कव्हरच्या डोक्यावरून मार.
मोकळंच आहे तिथं.
माबाता म्हणाली, तिथं पाणी आहे.
प्रशिक्षकानं वळून पाहिलं.
गवत. गवतावर एक समुद्रपक्षी, एका पायावर.
मी हसले नाही. मलाही तिथं पाणीच दिसतं.

पाचवा सामना, समोर डच पोरी, उंचच उंच.
सोळावं षटक, चौथा चेंडू,
थोडा आखूड, थोडा बाहेर,
आणि कसं कोण जाणे, तिची बॅट खालून वर गेली.
चेंडू वर. अजून वर.
कव्हर मान वाकडी करून बघतेय.

माबाता धावली नाही.
कान देऊन उभी राहिली,
डुबुक आवाजाची वाट बघत.
आवाज आला तो मोटारींच्या जागेतला,
खडी, मग कुठलासा पत्रा.
तिनं पंचांकडे पाहिलं,
बोट वर जाईल या तयारीनं बॅट काखेत घेतलेली.
पंचांनी दोन्ही हात वर केले.

मी सहा लिहिला. पेन्सिल जरा जास्तच दाबली गेली;
मागच्या पानावरही तो उमटलाय,
तिथं डच गोलंदाजीचा हिशेब होता.

पुढच्याच चेंडूवर ती त्रिफळाचित झाली.
तेवीस. आम्ही नऊ धावांनी हरलो.
बसमध्ये कुणी बोललं नाही, मग कुणीतरी चिप्स फोडल्या.

हॉटेलच्या बेसिनमध्ये तिची पँट घासत होते.
गुडघ्यावरचा हिरवा डाग काही निघेना.
ती दारात उभी, ओले केस, हातात माझाच टॉवेल.
म्हणाली, मावशी, चेंडू कुणी आणला मग?
म्हटलं, कुणीतरी आणला असेल.
नाही पण, ती म्हणाली,
आणायचा तर मी होता.